एका दिवसाची अनेक नावे

मुळशी सत्याग्रहाविषयीच्या पुस्तकांत एक तारीख ठळकपणे येते : १६ एप्रिल १९२१. माझ्या आजीच्या तोंडी मात्र ही तारीख कधीच आली नाही. तिने आपल्या सासऱ्यांकडून ऐकलेली गोष्ट 'रामनवमीला माणसं धरणावर गेली' अशी सुरू होत असे. शाळकरी वयात मला कितीतरी दिवस हे दोन निरनिराळे प्रसंग वाटत होते. एक पुस्तकातला आणि एक आजीचा. शके १८४३ ची चैत्र शुद्ध नवमी शनिवारी होती आणि इंग्रजी गणनेने त्याच दिवशी १६ एप्रिल होती, हे उमगले तेव्हा मी महाविद्यालयात होते. इतका उशीर का लागला, हा प्रश्न पुढे स्वतः शिकवू लागल्यावर अधिकच छळू लागला. कारण तो माझ्या एकटीच्या अज्ञानाचा प्रश्न नव्हता. लहान मुलांना आपण दिनदर्शिका वाचायला कशी शिकवतो, आणि ती शिकवताना काय वगळतो, याचा तो प्रश्न होता.

सत्याग्रहाची हकीकत वाचकांना ठाऊक असेलच. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांच्या कंपनीने नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतले. भाताची खाचरे आणि सुमारे पन्नास गावे पाण्याखाली जाणार होती. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव यांच्यासारख्यांच्या साथीने मावळातले शेतकरी १९२४ पर्यंत झगडले आणि हरले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावरील आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. या लढ्याच्या आरंभासाठी रामनवमी निवडली गेली, यात मला एक व्यावहारिक शहाणपणही दिसते. डोंगरदऱ्यांत विखुरलेल्या वाड्यावस्त्यांना तारीख कळवावी लागली असती. रामनवमी कळवावी लागत नव्हती. पाडव्यापासून नववा दिवस प्रत्येक घराला मोजता येत होता. सरकार आणि कंपनी यांच्या दप्तरात मात्र तोच दिवस तारखेने नोंदला जाणार होता. एकाच जमिनीवर दोन बाजू उभ्या होत्या, आणि दोघींच्या हाती कालगणना निरनिराळी होती.

मुळशीतल्या मुलाला ही जुनी कालगणना कोण शिकवी? पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर अक्षरे, मोडी आणि पाढे होते, आणि वार, महिने, नक्षत्रे यांची नावे तोंडपाठ करून घेण्याची परंपरा होती. पण शाळेत न गेलेले मूलही कालगणना शिकतच होते. तिथी चंद्र पाहून कळे. महिन्याचे नाव आकाशातून येई : पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो त्यावरून महिना ओळखायचा; चित्रेवरून चैत्र, विशाखेवरून वैशाख, कृत्तिकेवरून कार्तिक. शेताचे वेळापत्रक मात्र चंद्रावर चालत नव्हते, आणि ही गोष्ट आपण फारशी ध्यानात घेत नाही. पावसाची नक्षत्रे सूर्याची असतात. सूर्य मृगात येतो तो ७-८ जूनच्या सुमारास, आर्द्रात २१-२२ जूनच्या सुमारास, आणि पुढे दर तेरा-चौदा दिवसांनी एकेक नक्षत्र ओलांडत सप्टेंबरच्या अखेरीस हस्तात पोचतो. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्ती. राब भाजणे, पेरणी, लावणी, बेणणी ही भाताची सारी कामे या सौर नक्षत्रांच्या हिशेबाने होत. म्हणजे इंग्रजी दिनदर्शिका भिंतीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून मावळातला शेतकरी सूर्याची दिनदर्शिका वापरत होता आणि सणावारांसाठी चंद्राची. निरक्षर म्हणून ज्याची नोंद झाली, तो दोन गणिते एकदम चालवीत होता.

येथे थांबून हळहळणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक होणार नाही. चंद्र सर्वांचा असला तरी पंचांग सर्वांचे नव्हते. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे असलेली पोथी जोश्याच्या हाती होती. पाडव्याला तो ती वाचून दाखवी आणि गाव ऐके. अधिक महिना कधी, ग्रहण कधी, लग्नाचा मुहूर्त कोणता, हे विचारायला त्याच्याकडेच जावे लागे आणि विचारण्याला दक्षिणा पडे. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये लिहिलेल्या 'तृतीय रत्न' नाटकात जोशी एका कुणबी गरोदर बाईला ग्रहांचे भय घालून लुबाडतो, आणि नाटकाच्या शेवटी ते जोडपे शिकायला जाण्याचे ठरवते. या नाटकाकडे आपण मराठी नाटकाच्या इतिहासातला टप्पा म्हणून पाहतो, पण वाचनशिक्षणाच्या इतिहासातही त्याला जागा हवी. आपल्या दिवसांचा हिशेब दुसऱ्याच्या पोथीत अडकलेला असणे ही गुलामीच आहे, हे फुल्यांनी नेमके हेरले होते. पुढे 'शेतकऱ्याचा असूड'मध्येही वर्षभराच्या सणवारांनिमित्त शेतकरी कसा नागवला जातो, याचा त्यांनी महिनेवार हिशेब मांडला आहे.

छपाईने पोथीचे दार किलकिले केले. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शके १७५३ चे, म्हणजे १८३१ चे पंचांग छापून काढले, तेव्हा पंचांग ही विकत घेता येणारी वस्तू झाली. तरीही ते वाचण्याची भाषा जोश्याचीच राहिली. खरी उलथापालथ केली ती इंग्रजी तारखेने. तिच्यात एक ते एकतीस एवढे अंक ज्याला येतात त्याला महिना वाचता येतो. ना क्षय तिथी, ना वृद्धी तिथी, ना उदयकाळाचा प्रश्न. तारखेचा हा सपाटपणा परका होता खरा, पण तो कुणालाही विचारायला न लावणारा होता. सरकारी शाळा, कचेरी, रेल्वे आणि गिरणी या चौघांनी मिळून तो सपाटपणा रुजवला. रविवारची सुटीसुद्धा आपोआप आलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १० जून १८९० पासून मिळू लागली. जुन्या पाठशाळांत अष्टमी, अमावास्या, पौर्णिमा अशा तिथींना अनध्याय असे. नव्या शाळेत रविवार आला. म्हणजे मुलाच्या सुटीचा दिवसही चंद्राकडून आठवड्याकडे गेला.

या स्थित्यंतरात एक माणूस असा होता की ज्याला दोन्ही तीर ठाऊक होते, आणि विशेष म्हणजे तो शाळामास्तर होता. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३-१८९८) दापोलीजवळच्या मुरूडचे. बार्शी, धुळे अशा ठिकाणी शिकवत ते अखेर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले. म्हणजे शिक्षकांना शिकवू लागले. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ चा, आणि रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर लिहिलेला तिथींवरून तारखा काढण्याचा इंग्रजी ग्रंथही त्याच वर्षीचा. विद्यार्थ्यांसाठी आणि सामान्य वाचकांसाठीही त्यांनी 'सृष्टिचमत्कार', 'ज्योतिर्विलास' अशी पुस्तके लिहिली. ज्या दक्षिणा प्राइज कमिटीने फुल्यांचे नाटक नाकारले होते, त्याच कमिटीच्या उत्तेजनाने पुढे दीक्षितांचा पंचांगविषयक ग्रंथ आकाराला आला, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. एकाने पंचांगाच्या मक्तेदारीवर बोट ठेवले, तर दुसऱ्याने पंचांगाचे गणित उघडे करून दाखवले. मक्तेदारी मोडायची तर गणित सर्वांना शिकवायला हवे, हा या दोघांच्या कामाचा एकत्र निष्कर्ष निघतो. प्राथमिक शाळेने तो काढला नाही. तिने गणित शिकवण्याऐवजी विषयच सोडून दिला आणि तारीख तेवढी ठेवली.

याची किंमत काय, ते मला माझ्या घरातच दिसते. वडिलांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे. महाराष्ट्रातल्या त्यांच्या पिढीत १ जून हा जन्मदिवस असलेली माणसे गावोगाव सापडतात. शाळा जूनमध्ये उघडे, मूल दाखल करायला आणलेल्या पालकाला तारीख सांगता येत नसे, आणि गुरुजी वय अंदाजाने धरून १ जून लिहून टाकत. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. त्या एका नोंदीवर पुढे नोकरी लागली आणि निवृत्तीही ठरली. ३१ मे रोजी राज्यातल्या कितीतरी कार्यालयांत आणि शाळांत निरोपसमारंभांची रांग लागते, ती याच रकान्यामुळे.

आजीला मात्र दिवस पक्का ठाऊक होता. 'गांधीजी गेले त्याच्या पुढल्या पावसाळ्यात, बेणणी चालू असताना, पंचमीच्या आदल्या दिवशी,' असे ती सांगे. एका मे महिन्यात मी तिच्या या वाक्याचा हिशेब मांडला. गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ ची. पुढला पावसाळा म्हणजे शके १८७०. त्या वर्षीची आषाढ अमावास्या ५ ऑगस्टच्या सुमारास येते, तेव्हा नागपंचमीचा आदला दिवस ८-९ ऑगस्टच्या आसपास पडतो. म्हणजे आजीच्या वाक्यात साल होते, ऋतू होता, शेतीचे काम होते आणि तिथीही होती. जन्मनोंदीला याहून अधिक काय हवे? शाळेच्या दाखल्यावर असलेली तारीख खोटी आणि 'तारीख माहीत नाही' असे ज्या बाईबद्दल गृहीत धरले गेले तिचे म्हणणे खरे, असा तो निकाल होता. वडिलांना सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, 'आता काय उपयोग?' पण त्या वर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी त्यांनी आपण होऊन जिलेबी आणली.

तिथी आणि तारीख यांची सांगड घालण्याचे प्रयत्न स्वातंत्र्यानंतर झाले नाहीत असे नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालची पंचांग सुधारणा समिती १९५२ मध्ये नेमली गेली. तिच्यात नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर ही मराठी माणसे होती. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ ला, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे गणित निर्दोष आहे. चैत्र २२ मार्चला आणि लीप वर्षी २१ मार्चला सुरू होतो, वैशाख ते भाद्रपद हे महिने एकतीस दिवसांचे आणि आश्विनापासून पुढचे तीस दिवसांचे. पण हा चैत्र पाडव्याच्या चैत्राशी जुळत नाही. ओळखीच्या नावांखाली अनोळखी महिने आल्यामुळे, राजपत्र आणि आकाशवाणी यांच्यापलीकडे हे नाणे चलनात आले नाही.

याउलट जे चलनात आले ते घराघरांतल्या खिळ्यावर. जयंतराव साळगावकरांचे 'कालनिर्णय' १९७३ पासून निघू लागले, आणि तारखेच्या चौकोनातच तिथी, नक्षत्र आणि सण बसवण्याची पद्धत मराठी घरांच्या अंगवळणी पडली. मला वाटते, या घटनेचे सांस्कृतिक महत्त्व आपण पुरेसे जोखलेले नाही. संकष्टी कधी हे विचारायला कुणाकडे जावे लागेनासे झाले. स्वयंपाकघरातली बाई दुधाचा हिशेबही त्याच चौकोनात लिहू लागली. मुहूर्तांचे आणि भविष्याचे व्यवहार थांबले नाहीत; तरी पंचांगाची किमान वाचनक्षमता जोश्याच्या हातून सुटली ती अशा भिंतीवरच्या कागदामुळे. फुल्यांना अपेक्षित असलेल्या विवेकाचा तो मार्ग नव्हता, पण पोथीचे कुलूप त्याने काढले, हे मान्य करावे लागते.

आता प्रश्न उरतो तो हा कागद मुलाला वाचता येतो का. पहिली-दुसरीच्या मुलासाठी ही सोपी गोष्ट नाही. झाँ पियाजे यांनी १९४६ मध्ये मुलांच्या कालकल्पनेवर ग्रंथ लिहून दाखवून दिले, की काळ ही मुलाला आयती मिळालेली जाणीव नसते. क्रम आणि अवधी यांची सांगड घालत ती हळूहळू घडते. दिनदर्शिका तर काळाला जागेत मांडते. त्यात आपल्या भिंतीवरच्या बऱ्याच दिनदर्शिकांत वार डाव्या हाताला उभे लिहिलेले असतात आणि तारखा वरून खाली उतरतात. नुकतेच डावीकडून उजवीकडे वाचायला शिकलेले मूल १ नंतर ८ वाचते, आणि ते चूक आहे असे त्याला आपण सांगतो. कधी महिन्याच्या शेवटच्या ३०-३१ या तारखा जागेअभावी पहिल्या रांगेच्या रिकाम्या घरांत बसवलेल्या असतात. मग एक तारखेच्या आधी एकतीस कशी, या मुलाच्या शंकेला उत्तर देताना शिक्षकाचीही तारांबळ होते. मुठीच्या उंचवट्यांवर महिन्यांचे दिवस मोजण्याची युक्ती मुलांना फार आवडते, कारण तेथे काळ स्वतःच्या हातावर येतो.

मुळशीच्या शाळांतील वर्ग आज पूर्वीसारखे एकरंगी नाहीत. हिंजवडी आणि पिरंगुट हा भाग याच तालुक्यातला. तेथे कामासाठी आलेल्या उत्तर भारतीय कुटुंबांतल्या मुलाचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. मुसलमान मुलाची ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येते, कारण त्या गणनेत अधिक महिना नाही. पाऊस सरला की काही कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. त्यांच्या मुलाचे वर्ष जूनला नव्हे, स्थलांतराला सुरू होते आणि संपते. अशा वर्गात केवळ चौकोनांतले अंक वाचायला शिकवणे सोयीचे आहे, हे मी जाणते. पण हाच वर्ग तुलनेचा सर्वांत चांगला वर्ग आहे, हेही खरे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात पाने, बिया, शंख-शिंपले हेच शिक्षणसाहित्य होते. दिनदर्शिकेसाठी तर चंद्र आणि पाऊस हे साहित्य फुकट उपलब्ध आहे.

एखाद्या शिक्षकाने तिसरी-चौथीच्या वर्गात तीन वर्षांच्या जुन्या दिनदर्शिका शेजारी शेजारी लावाव्यात. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला. मृग मात्र तिन्ही वर्षी ७-८ जूनच्या सुमारास. एक सरकते आणि दुसरे का सरकत नाही? अकरा दिवस मागे जाता जाता २०२४ मध्ये ती एकदम अठरा दिवस पुढे का गेली? २०२३ च्या दिनदर्शिकेत दोन श्रावण सापडले की मुलांना उत्तर दिसते. चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, ही तूट साचते आणि एक महिना घालून भरून काढली जाते, हे गणित चौथीच्या मुलाला कळू शकते. यात श्रद्धेचा प्रश्न येत नाही. श्रद्धा असो वा नसो, आपल्या गावची जत्रा दरवर्षी निराळ्या तारखेला का येते, हे समजण्याचा प्रत्येक मुलाला अधिकार आहे.

वाङ्मयाच्या शिक्षकाला तर या दुर्लक्षाचा जाच रोज होतो. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) शिकवताना माझ्या लक्षात आले, की वर्गातल्या अनेकांना मराठी महिने क्रमाने येतात, पण ज्येष्ठ म्हणताच अंगावर कोणती हवा यावी हे येत नाही. बालकवींचा श्रावण त्यांना पाठ असतो. तो जुलै-ऑगस्टचा हे आठवायला मोबाइल काढावा लागतो. इतिहासाचीही तीच गत. पौड खोऱ्यातल्या गावांत शिवजयंती शाळेत १९ फेब्रुवारीला होते आणि अनेक ठिकाणी पुन्हा फाल्गुन वद्य तृतीयेला. 'महाराजांचा वाढदिवस दोनदा का?' हा मुलाचा प्रश्न आपण मोठ्यांच्या वादात ढकलून देतो. शासनाने स्वीकारलेली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेवरूनच काढलेली आहे, आणि तीही जुन्या ज्यूलियन गणनेची. आजच्या ग्रेगरियन गणनेने त्या दिवशी १ मार्च येतो. म्हणजे तिथी विरुद्ध तारीख असा जो झगडा रंगतो, त्यातली तारीख ही तिथीचेच भाषांतर आहे. हे ज्याला लहानपणी उमगले, तो मोठेपणी अशा झगड्यात चटकन मूठ आवळणार नाही.

मुळशी सत्याग्रहाला शंभर वर्षे झाली ती तारखेने १६ एप्रिल २०२१ रोजी. त्या वर्षी रामनवमी २१ एप्रिलला होती. आजी तोवर नव्हती, आणि महासाथीच्या निर्बंधांमुळे मी गावी जाऊ शकले नाही. दोन्ही दिवशी मी घरातल्या दिनदर्शिकेपुढे उभी राहिले. भाच्याने विचारले, 'आत्या, शंभर वर्षं नक्की कधी झाली?' त्याला मी दोन्ही चौकोन दाखवले आणि मधले दिवस मोजायला सांगितले. त्याने वरून खाली बोट फिरवत मोजले आणि 'पाच' म्हणाला. मग थोडा वेळ विचार करून त्याने विचारले, 'मग पुढच्या वर्षी किती?'